आमच्या गल्लीतल्या शिरस्तेदार काकांना

आदरणीय काका,

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते.

घटस्फोट झाला, मुलीचा ताबा माझ्याकडे आला, तिच्या पोटगीचा हुकूमही 2021 मध्ये झाला. पैसे मात्र कधी आले, कधी नाही. जो तो सांगे, नवी केस टाक. तुम्ही एवढंच विचारलंत, "पासबुक आणलंयस का?"

मग मुलीच्याच वहीत रकाने आखलेत: महिना, ठरलेली रक्कम, जमा, बाकी. पासबुकातल्या एकेका नोंदीवर लाल टिंब देत गेलात. काही जुन्या महिन्यांपाशी थांबून म्हणालात, "ही बाकी या रस्त्यानं हाताला लागायची नाही, वर्ष उलटलं." रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तरच वसुलीचं वॉरंट निघतं, हे तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा कायदा नवा आला आणि कलमांचे नंबर बदलले, पोटगीच्या 125 चं 144 झालं, पण जुना हुकूम तसाच जिवंत आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

वकिलाच्या फीचं काय, म्हटलं तर तुम्ही कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, विधी सेवा प्राधिकरणात धाडलंत. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही! आमच्यातल्या किती जणींना हे ठाऊक असेल?

वसुलीचा आणि वाढीचा, असे दोन वेगळे अर्ज करायला लावलेत. पोरगी लहान होती तेव्हाच्या आकड्यात आता शाळेची रिक्षासुद्धा भागत नाही. मुलीचे वडील शिरोलीला फौंड्रीत सुट्टं काम करतात, पगाराची स्लिप नाही. पण दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावंच लागतं म्हणालात, आणि तिथंच त्यांची पंचाईत झाली.

तारखेला ते ऐटीत म्हणाले, "टाका आत, मग मागा पैसे." मला हसूच आलं. आत जाऊन आलं तरी देणं फिटत नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं ना! वॉरंट निघालं तशी निम्मी बाकी भरली. वाढीचा अर्ज अजून चालू आहे.

आणि हो, उचगावची एक बाई तुमच्याकडे येईल. तिला पासबुक घेऊनच यायला सांगितलंय.

तुमची,
मागच्या बोळातली