बेलर जजची भानगड

प्रिय सुध्या,

हे दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही. पोरीला लॉ स्कूलला सोडायला अमेरिकेत, टेक्ससमधल्या वेकोला आलोय. तब्येत बरी, शुगर आहे तिथंच.

इथल्या चार मराठी घरांनी मला वकील म्हणून धरलं: शनिवारी जज बेलरवर बोला. पोरीचं विद्यापीठ याच्याच नावाचं. वाचायला घेतलं तर त्यात तूच! गडी दिवसा कोर्ट चालवायचा आणि संध्याकाळी त्याच गावात प्रवचन द्यायचा. तुझं भजनी मंडळ आठवलं. फक्त यानं लग्न केलं नाही. तेवढी अक्कल तुला कुठली! (वहिनींना हे वाचून दाखवू नकोस.)

अलाबामा राज्याकडून एकदा अमेरिकेच्या संसदेत जाऊन आलेला हा माणूस 1839 साली, शेहेचाळिशीत, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथात गेला आणि त्याच वर्षी टेक्ससला आला. टेक्सस तेव्हा वेगळा देश. हा तिथं जिल्हा न्यायाधीश झाला. सरन्यायाधीश आणि सगळे जिल्हा न्यायाधीश मिळूनच तिथलं सुप्रीम कोर्ट! तुझे निकाल वर असे सारखे फिरले नसते बघ. 1845 साली टेक्ससच्या इंडिपेंडन्स गावात कॉलेज निघालं, तेच पोरीचं आजचं विद्यापीठ. त्याला आपलं नाव द्यायला यानंच हरकत घेतली. ट्रायन म्हणून धर्मोपदेशक होते, ते हटून बसले. पुढे तिथं कायदा शिकवला, तोही बिनपगारी.

इथवर भाषण तयार होतं. मग 1860 ची जनगणना आली. जजसाहेबांच्या नावावर 33 गुलाम. विद्यापीठानंच नेमलेल्या समितीनं हे मांडलंय. सुध्या, त्या गुलामांच्या तक्त्यात मालकाचं नाव, खाली नुसती वयं, स्त्री की पुरुष, रंग. नावांचा रकानाच नाही. स्वतःचं नाव पाटीवर नको म्हणून संकोचणारा माणूस तो, आणि त्याच्या घरच्या 33 जणांना कागदावर नावच नाही!

पोरगी म्हणते, सांगून टाका, त्यात काय. मंडळींना मात्र ‘प्रेरणादायी’ हवंय, नंतर बटाटेवडे आहेत. काल चौकात त्याचा खुर्चीत बसलेला ब्राँझचा पुतळा पाहिला. पोरं शेजारी उभी राहून फोटो काढत होती. मीही पोरीचा काढला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय.

कॉलेजातल्या मूट कोर्टात, त्या सरावाच्या खटल्यात, तू मला काय ऐकवलं होतंस? ‘न्यायाधीशाचं घर वेगळं, निकाल वेगळे.’ कप तू नेलास, माझा सदराही नेलास, तो अजून परत नाही. आज बोल. ज्याच्या कोर्टात माणूसच मालमत्ता म्हणून येऊ शकतो, त्याचं घर निकालापासून वेगळं काढायचं कसं? ‘त्या काळी सगळेच तसे’ हे नको. त्या काळी गुलामगिरीविरुद्ध बोलणारे होते, आणि हा तर प्रवचन देणारा.

मी 33 वरूनच सुरुवात करणार. कॉलेज नंतर. वडे गार झाले तर होऊ देत.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? धाकट्याची दहावी ना यंदा? शनिवारच्या आत फोन कर, आणि न्यायाधीश म्हणून नको, सदरा ढापणारा म्हणून बोल.

तुझा,
बाळ्या