विकलेला गेम परस्पर बंद करण्याला आळा घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यात ग्राहकाची तक्रार म्हटली की बोगस बियाणे, ताबा रखडलेला फ्लॅट आणि नाकारलेला विम्याचा दावा, एवढेच आपल्याला आठवते. मी लोकांना ग्राहक तक्रारींचे अर्ज लिहून देते, त्यामुळे हे तिन्ही प्रकार मला नेहमीचे आहेत. अलीकडे मात्र कॉलेजमधली मुले वेगळीच तक्रार घेऊन येतात. पैसे मोजून घेतलेला व्हिडीओ गेम कंपनीने बंद करून टाकला, आता दाद कुठे मागायची? घरी त्यांना ‘गेमच ना, सोडून दे’ असे ऐकवलेले असते. मला हे उत्तर मान्य नाही, म्हणून हे पत्र.

सातपूरच्या एका मुलाचे उदाहरण सांगते. त्याचे वडील अंबडच्या कारखान्यात कामाला आहेत. वाढदिवसाचे, दिवाळीचे मिळालेले पैसे त्याने एका मोबाइल गेममधल्या नाण्यांवर आणि पोशाखांवर घातले. गेम बंद होत असल्याची सूचना आली, त्याच्या थोडेच दिवस आधीपर्यंत ही नाणी ‘खास सवलतीत’ विकली जात होती. म्हणजे दुकान मोडायचे ठरल्यावरही गल्ला चालू होता. पैसे परत मागितले तर उत्तर आले की नाणी ही तुमची मालमत्ता कधीच नव्हती, तुम्ही अटी मान्य केल्या होत्या. त्या अटी इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत, स्क्रीनभर खाली खाली जाणाऱ्या. त्या मान्य केल्याशिवाय गेम उघडतच नाही. याला संमती म्हणायचे का?

ज्यांचा या विषयाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. आजचे अनेक गेम सुरू होताना आधी कंपनीच्या सर्व्हरला, म्हणजे इंटरनेटवरून जोडलेल्या तिच्या कॉम्प्युटरला, विचारतात. तिकडून होकार आला तरच पुढचे दार उघडते. कंपनीने सर्व्हर बंद केला की तुमच्या कॉम्प्युटरवरचा गेम किंवा पैसे देऊन आणलेली डिस्क जागेवरच निरुपयोगी होते, मग तुम्ही एकटेच का खेळत असेना. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात एकट्याने खेळायचा मोठा भाग होता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि तो भागही त्याबरोबर गेला.

त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांनी दहा लाख सह्या जमवल्या तर तिथल्या आयोगाला त्या मागणीची दखल घ्यावीच लागते. ३१ जुलै २०२५ रोजी मुदत संपली तेव्हा सह्या चौदा लाखांवर गेल्या होत्या, आणि पडताळणीतही दहा लाखांहून अधिक खऱ्या ठरल्या. ब्रिटनमध्ये एक लाखावर सह्यांचा अर्ज गेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर संसदेत चर्चा झाली, जरी तिथल्या सरकारने कायदा बदलायची तयारी दाखवलेली नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नियम आहे की ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने ते पैसे घेण्याआधी ठळकपणे सांगितले पाहिजे. तो नियम मला अपुरा वाटतो. फसवणूक आधी सांगून केली म्हणून ती न्याय्य होत नाही. पण निदान तिथे सुरुवात तरी झाली.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सर्व्हर चालवायला खर्च येतो, खेळणारे उरले नाहीत तर तो कोण सोसणार? खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या खासगी सर्व्हरवर त्यांच्या माहितीची सुरक्षितता कोण पाहणार? काही गेम मुळातच ऑनलाइन म्हणून बांधलेले असतात, ते सुटे करणे महाग पडते. यातले काही मुद्दे खरे आहेत. मात्र सर्व्हर कायम चालवत ठेवा, असे या मोहिमेत कोणी म्हणतच नाही. मागणी एवढीच आहे की जाताना गेम चालता ठेवून जा. ते जमते, हे कंपन्यांनीच दाखवले आहे. ‘नॉकआउट सिटी’ हा पूर्णपणे ऑनलाइन गेम जून २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा तो बनवणाऱ्यांनी खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. ‘ग्रॅन टुरिझ्मो स्पोर्ट’चे सर्व्हर जानेवारी २०२४ मध्ये थांबले, पण त्याआधी अपडेट देऊन बराचसा गेम ऑफलाइन चालेल अशी सोय केली होती. खुद्द युबिसॉफ्टने टीकेनंतर ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम २०२४ मध्ये बाजारात आणून दोन आठवड्यांत मागे घेतला, पण घेणाऱ्यांना पूर्ण पैसे परत केले. आपल्याकडे २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, तो सरकारी निर्णय होता, वेगळा विषय. तरी २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे त्याच गेमची भारतासाठीची आवृत्ती, आली तेव्हा असंख्य मुलांना जुन्या खात्यातले सामान नव्या गेममध्ये आणता आले. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग सापडतो.

आता आपल्या कायद्याकडे वळते, कारण लोकांना वाटते तितका तो दुबळा नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट समावेश आहे. परदेशात नोंदलेली कंपनी पद्धतशीरपणे भारतातल्या ग्राहकांना विक्री करत असेल, तर तिलाही ते लागू होतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण दिले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ अशी संज्ञा आहे. रास्त कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एका बाजूला देणारी अट त्यात मोडते. गेमच्या अटींत नेमके हेच लिहिलेले असते.

अडचण पुढे आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहत्या गावी तक्रार करू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. पण करारच अनुचित आहे असे म्हणायचे, तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. दोन-तीन हजारांच्या गेमसाठी सातपूरचा मुलगा तिथवर कसा जाणार? आणि निकाल लागला तरी जिचे इथे कार्यालयच नाही अशा कंपनीकडून वसुली कशी करायची? एकेकट्या ग्राहकाने भांडण्यातली ही मर्यादा मी रोज पाहते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, ती ग्राहक एकेकटा राहिला तर त्याचे कोणी ऐकत नाही म्हणूनच.

म्हणून माझी मागणी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहे. फसव्या ऑनलाइन क्लृप्त्यांवर, म्हणजे डार्क पॅटर्नवर, प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. तशीच या विषयावरही काढता येतील. गेम किमान किती काळ चालू राहील, ती तारीख विक्रीच्या पानावर किमतीशेजारी असावी. बंद करायचे ठरले की त्या क्षणापासून नाणी आणि पोशाख विकणे थांबावे, आणि अलीकडच्या खरेदीचे पैसे परत मिळावेत. एकट्याने खेळायचा भाग सर्व्हरशिवाय चालावा. ही सगळी माहिती मराठीसह भारतीय भाषांत असावी. २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा सगळी चर्चा पैसे लावून खेळण्याच्या गेमभोवती फिरली. त्या गेमवर बंदी आली हे चांगलेच झाले. पण सरळ मार्गाने गेम विकत घेणाऱ्या मुलांच्या हक्कांवर कोणी फारसे बोलले नाही.

हा प्रश्न फक्त मुलांचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागांचा विचार करावा. ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडणारी यंत्रणा आता बागांमध्ये येत आहे. जिथे तिचा कंट्रोलर कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे, तिथे कंपनीने उद्या ती सेवा गुंडाळली तर शेतकऱ्याच्या हातात काय राहील? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकेही त्यांच्या उपकरणांवरून गेली. पैसे परत मिळाले, पुस्तके नाहीत. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. ज्यांचे प्रकाशक कधीच संपले, अशी पुस्तकेही वाचनालयात वाचायला मिळतात. गेममध्येही चित्रकार, संगीतकार, लेखक यांचे वर्षानुवर्षांचे काम असते. ते पुढच्या पिढीला पाहता आले पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ नुसार ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांना बाधा येत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते. नाशिकमधल्या ज्या मुलांचा किंवा पालकांचा असा अनुभव आहे त्यांनी यूपीआयची पावती, खरेदीचे ईमेल, बंद करण्याची सूचना आणि कंपनीचे उत्तर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. अशी पुरेशी कागदपत्रे जमली की सगळ्यांच्या वतीने एकच अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे.

— एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक