रग जिरवण्याआधी खोगीर उतरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घोडेस्वारीवर लेख आला, बरं वाटलं. मात्र अडेल घोड्याची रग सुरुवातीलाच जिरवावी, हा त्यातला सल्ला वाचून राहवलं नाही. नवशिक्यांना घोडेस्वारी शिकवणं हा माझा व्यवसाय. घोडा अडेल आहे असं कुणी सांगितलं, की मी आधी त्याचं खोगीर उतरवते आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेते. दुखरी जागा आली की कातडी थरथरते, कान मागे जातात, शेपटीचा फटकारा बसतो. अशा घोड्याला चाबूक दाखवून काय साधणार? तोंडाचंही तेच. लगामाचं लोखंड जबड्याच्या ज्या बिनदाती भागावर टेकतं, तिथे हाडावर पातळ त्वचेखेरीज काही नसतं.

प्रेमानं शिकवणं म्हणजे गाजरं चारून लाडावणं, असा अनेकांचा समज असतो. इशारा द्यावाच लागतो. टाचेचा, बैठकीचा, लगामाचा. पण घोड्याला धडा मिळतो तो दाब सुटतो त्या क्षणी. मागे सरकायला सांगितलं आणि त्याने वजन नुसतं मागच्या पायांवर घेतलं, तरी लगाम तत्काळ सैल झाला पाहिजे. चार सेकंद उशीर झाला तर तोवर त्याने मान झटकलेली असते आणि त्याच्या लेखी बक्षीस मिळतं ते मान झटकण्याचं. मग आपणच म्हणायचं, खोड लागली!

एवढं बारीक त्याला कळतं का, असं पालक विचारतात. बर्लिनचा हान्स हा घोडा टापा आपटून गणिताची उत्तरं द्यायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये उलगडा केला, की योग्य आकडा आल्यावर विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि ते पाहून हान्स थांबायचा. मला तर हे गणितापेक्षा अवघड वाटतं.

स्वारी शिकवणाऱ्यांना विनंती, की पहिल्या तासाला चाबूक देऊच नका. खरारा करू द्या, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करू द्या. घोड्याला नेमकं कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायला शिकवा. नाकपट्टी आणि नाकाचं हाड यांत दोन बोटं जातात का, हे विद्यार्थ्यालाच तपासू द्या. फी बसायची भरली आहे, खरारा करायची नाही, असं पालक ऐकवतात. ऐकून घ्यावं.

आपली,
एक घोडेस्वारी शिक्षिका