बोगोटाला निघण्याआधी पिवळे पुस्तक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पर्यटन पुरवणीत कोलंबियाची राजधानी बोगोटावर आलेला लेख आवडला. सुवर्ण संग्रहालय, ला कांदेलारियातल्या रंगीत गल्ल्या, मोन्सेरातेची टेकडी, सगळे त्यात आहे. पण तेवढेच वाचून पुण्याहून कोणी निघाले, तर परतीच्या वाटेवर मुंबई विमानतळावर अडकू शकते. पीतज्वराच्या लशीचा लेखात उल्लेखच नाही.

कोलंबिया भारत सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. तिथून येणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळे पुस्तक, नसेल तर तिथून निघाल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत त्याला विलगीकरणात ठेवता येते. बोगोटा इतके उंच की तिथे पीतज्वर पसरवणारा डास नाही, मग लस कशाला, असे हमखास विचारले जाते. डासाचे म्हणणे बरोबर आहे. पण नियम शहर बघत नाही, देश बघतो. शिवाय बोगोटाहून काही तास घाट उतरला की उष्ण खोरे लागते. शेजारच्या तोलिमा प्रांतातल्या साथीमुळे 2025 च्या एप्रिलमध्ये कोलंबियाने आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती.

ही लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, नेहमीच्या डॉक्टरांकडची चालत नाही. प्रमाणपत्र लागू होते ते टोचल्यानंतर दहा दिवसांनी. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रे ठरलेल्या वारीच लोकांना एकत्र बोलावतात. आधी तिकीट काढून मग केंद्राला फोन करणाऱ्यांची गडबड होते ती इथेच. निदान महिनाभर आधी नोंदणी करावी. पुस्तकातले नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळते का, तारीख आणि शिक्का आहे का, हे केंद्रातून निघण्याआधीच बघावे. एक डोस जन्मभर चालतो.

अशा लांबच्या सहलींना आपल्याकडचे पुष्कळ निवृत्त लोक जातात. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रास क्वचितच होतो, पण तरुणांपेक्षा त्याचे प्रमाण जास्त असते. अंड्याची ॲलर्जी, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असेल तर सहल ठरवण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवे.

दुसरी गोष्ट उंचीची. बोगोटा 2,640 मीटरवर आहे. कळसूबाई 1,646. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटर चढायचे आणि तिथे आठ मजली हॉटेलात राहायचे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट. रोज पर्वती चढणाऱ्याचेही पहिल्या रात्री डोके दुखू शकते, झोप उडू शकते. दमसास चांगला असला म्हणून ही उंची सोसते असे नाही, शरीराला त्यासाठी दिवसच द्यावे लागतात. पहिल्या दिवशी सपाटीवर हिंडावे, पाणी भरपूर प्यावे, मद्य टाळावे. मोन्सेराते 3,152 मीटरवर आहे. ते तिसऱ्या दिवशी, आणि तेही केबल कारने किंवा रुळावरच्या फ्युनिक्युलरने.

पत्ता कसा वाचायचा, हे तर कोणीच सांगत नाही. खरे तर तिथली पद्धत फार सुरेख आहे. डोंगराला समांतर, दक्षिणोत्तर जाणारा रस्ता म्हणजे कारेरा, त्याला छेदणारा म्हणजे काये. सुवर्ण संग्रहालयाचा पत्ता आहे कारेरा 6, 15-88. म्हणजे सहाव्या कारेरावर, काये 15 च्या कोपऱ्यापासून 88 मीटर. डोंगर कायम पूर्वेला, तेव्हा तो उजव्या हाताला असेल तर आपण उत्तरेकडे चाललो आहोत. चूक होते ती ‘सूर’ या शब्दाने. शहराच्या दक्षिण भागात काये पुन्हा एकपासून सुरू होतात आणि त्यांच्या आकड्यानंतर ‘सूर’, म्हणजे दक्षिण, लागतो. तो एक शब्द सुटला तर टॅक्सी भलत्याच टोकाला नेऊन सोडते.

किमतीपुढचे $ चिन्ह तिथे पेसोचे आहे आणि टिंब हजाराचे: $20.000 म्हणजे वीस हजार पेसो, वीस डॉलर नव्हेत. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढेच म्हटले तर कोंबडी ताटात येऊ शकते, म्हणून ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे कोंबडी नको, मासे नकोत, हेही म्हणावे. सूप शाकाहारी दिसले तरी त्यात मांसाचा रस्सा असतोच असे धरून चालावे. सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद, बोतेरो संग्रहालय मंगळवारी. रस्त्यात मोबाइल हातात धरून उभे राहू नये. त्याला तिथे ‘पपई देणे’ म्हणतात, म्हणजे चोराला आयती संधी.

पुणेकरांनी एक गोष्ट मात्र मुद्दाम पाहावी: डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेली ट्रान्समिलेनियो, म्हणजे राखीव मार्गांवरून धावणारी बससेवा. आपल्याकडे 2006 मध्ये देशातली पहिली बीआरटी आली, तिच्या कितीतरी आधीची. स्थानक रस्त्याच्या मधोमध, फलाट बसच्या तळाच्या उंचीचा. ‘तुयावे’ कार्ड स्थानकाच्या दारावरच टेकवायचे, बसमध्ये तिकीट नाही. त्यामुळे दारे उघडली की माणसे सरळ आत जातात. गर्दीत पाठीवरची सॅक तेवढी पुढे घ्यावी.

आणि रविवार बोगोटातच काढावा. 1974 पासून तिथे रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन मोठे रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना देतात. आज ते सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहेत. परतीचे विमान रविवारी दुपारचे असेल, तर टॅक्सीला वळसे घ्यावे लागतात हे धरून हॉटेल तासभर लवकर सोडावे.

आपला,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे