बाबा, शिशाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, आधी तुझं. शेजारच्या काकूंना ‘पोरगी ग्रीनलंडला बर्फ खणते’ असं सांगत जाऊ नकोस. मी कोपनहेगनमध्ये एका खोलीत बसते. ग्रीनलंडहून आलेल्या बर्फाच्या लांब कांड्या आम्ही वितळवून तपासतो, एवढंच. दरवर्षीचा बर्फ आधीच्या थरावर दाबून बसतो आणि त्या वर्षी हवेत जे होतं ते त्यात अडकतं. थर मोजत खाली गेलं की साल कळतं.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, बर्फात शोधता काय? मी शिसं शोधते. तेही कितीसं, तर एका ग्रॅम बर्फात ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागांत मोजावं लागेल एवढं! त्यामुळे खोलीत जाताना काजळसुद्धा चालत नाही. (आपल्या मारुतीचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, तो तर लांबच ठेवावा लागेल.) कांडीचा बाहेरचा भाग यंत्रांनी, हातांनी मळलेला असतो. तो सोडून आतलाच बर्फ घ्यायचा.

ही शिस्त लावली ती क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी. 1956 साली त्यांनी पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं काढलं. ते काढताना नमुन्यांत सारखं बाहेरचं शिसं मिसळायचं, केसांतलं, धुळीतलं. हे एवढं येतं कुठून, म्हणून ते मागे लागले आणि ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत पोचले. 1969 साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत दाखवलं की इसवी सनापूर्वी 800 च्या मानाने बर्फातलं शिसं दोनशे पटींहून जास्त वाढलंय. सगळ्यात उभी चढण गाड्यांच्या काळातली. शिसंवाल्या कंपन्यांशी त्यांचं आधीच वाजलेलं होतं. माणूस हटला नाही.

मला मात्र खालचे थर जास्त आवडतात. रोमन लोक चांदीसाठी शिशाचं खनिज भट्टीत घालायचे, आणि तो धूर वाऱ्याने थेट उत्तरेला यायचा. शिशाचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात, त्यांना आयसोटोप म्हणतात, आणि त्यांचं प्रमाण खाणीखाणीनुसार वेगळं असतं. त्यावरून कळलं की त्या काळच्या शिशाचा मोठा भाग स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणींचा. इसवी सन 165 च्या सुमारास रोममध्ये मोठी साथ आली, की आलेख धाडकन खाली! खाणीत माणसंच उरली नसणार.

आता तुमच्या धंद्याकडे येते. इंजिनाचं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) थांबावं म्हणून 1923 पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिसं घालून विकू लागले. तुमच्या गॅरेजचा धूर इथे पोचला असं मी म्हणत नाही. ग्रीनलंडवर आलं ते मुख्यतः अमेरिका-युरोपचं. पण पेट्रोल त्याच जातीचं. 1970 नंतर तिकडे शिसं कमी करत नेलं, तर वीसेक वर्षांत बर्फातलं प्रमाण साडेसात पटींनी उतरलं. आपल्याकडे देशभर बिनशिशाचं पेट्रोल 2000 साली आलं. ‘आता व्हॉल्व्ह सीट जाणार’, म्हणजे इंजिनाच्या झडपा टेकतात ती जागा झिजणार, म्हणून तुमच्याकडे केवढी चर्चा चालायची!

पत्र लिहायचं खरं कारण पुढे आहे. बिनशिशाचं पेट्रोल येण्याआधी कितीतरी वर्षं तुम्ही रोज संध्याकाळी पेट्रोलनेच हात धूत होतात. त्यातलं ते शिसं कातडीतून आत जातं. शरीरात गेलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं, आणि वय झालं, हाडं झिजायला लागली की परत रक्तात उतरतं. तुमचं बीपी, ती चिडचिड त्यामुळेच असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण रक्तातलं शिसं तपासता येतं. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की गॅरेजात काम केलंय, नाहीतर ते विचारणार नाहीत.

आई, तूच सोबत जा. एकटे निघाले तर वाटेत गॅरेजवरच थांबतील. रिपोर्ट आला की फोटो काढून पाठव.

तुमची,
लेक