‘दिग्दर्शनही केले’ एवढ्यावर पालेकर संपत नाहीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमोल पालेकरांवरचा लेख वाचला. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘गोलमाल’, बँकेतली नोकरी, भिडस्त हसू, सगळे छान आले आहे. हे चित्रपट मलाही मनापासून आवडतात. पण लेखाच्या शेवटी ‘पुढे त्यांनी दिग्दर्शनही केले’ एवढी एकच ओळ आहे. १९८१ च्या ‘आक्रीत’पासून सुरू झालेले काम एका ओळीत आटोपले याचे फार वाईट वाटले, म्हणून लिहिते आहे.

मी माण तालुक्यात एकतीस वर्षे आरोग्यसेविका होते. पहिली नेमणूक धनगरवाडीच्या उपकेंद्रावर. दिवाळी झाली की निम्मी वाडी मेंढरे घेऊन कोकणाकडे निघायची आणि माझ्या रजिस्टरातली बाळे लसीच्या दुसऱ्या डोसाआधीच डोंगर उतरलेली असायची. मी ओसाड वाडीत पेटी घेऊन फिरत राहायचे. पुढे व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरचा पालेकरांचा ‘बनगरवाडी’ (१९९५) पाहिला. शाळेत पोरे येत नाहीत म्हणून कावराबावरा झालेला तो कोवळा मास्तर पाहून माझ्या घशात आवंढा आला. आमच्या माळाला, आमच्या धुळीला कुणी तरी न हसता बघत होते.

पण मला बोलायचे आहे ते ‘ध्यासपर्व’बद्दल. २००१ सालचा हा चित्रपट रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर आहे. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा गणिताचा प्राध्यापक. संततिनियमनाचे जाहीर काम करतो म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तो खटला ते हरले, तरी मासिक थांबले नाही.

हे सगळे मला नोकरीला वीस वर्षे झाल्यावर कळले, आणि तेही पालेकरांमुळे. संततिनियमन हेच माझे काम, पण आमच्या प्रशिक्षणात कर्व्यांचे नाव कधी कुणी काढले नव्हते. एका प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी, जिल्ह्याच्या ठिकाणी, कुणा चांगल्या माणसाने आम्हाला तो चित्रपट दाखवला. आम्ही साठेक जणी, परतीच्या एसटीची घाई असलेल्या. किशोर कदमांचे कर्वे पडद्यावर आले तेव्हा मागे कुजबुज चालली होती. सीमा बिस्वास यांच्या मालतीबाई, म्हणजे कर्व्यांच्या पत्नी, आल्या आणि हळूहळू ती बंद झाली. मूल नको असे नवऱ्याबरोबर ठरवणारी, त्याची नोकरी गेल्यावर खंबीरपणे मागे उभी राहणारी बाई आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती.

माझ्या शेजारी एक वयाने मोठ्या सिस्टर होत्या. आयुष्यभर शिबिरांना बाया गोळा केलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, “आपण बायांना कधी विचारलं का गं, तुला काय हवंय म्हणून?”

नव्हते विचारले. मार्च जवळ आला की ऑपरेशनचा आकडा पुरा करायचा, एवढेच आम्हाला शिकवलेले. पुरुषाच्या ऑपरेशनचा विषय काढला की घरातले उठून जायचे, म्हणून तो आम्ही काढणेच सोडले होते. त्या दिवसानंतर मी पिशवीत तांबी, गोळ्या, निरोध सगळे ठेवू लागले आणि आधी बाईला विचारू लागले. एका सुनेने तांबी बसवून घेतली आणि “आत्याबाईंना सांगू नका” म्हणाली. मी आजवर सांगितलेले नाही.

मग मी त्यांचे बाकीचे चित्रपट मिळतील तसे पाहिले. ‘दायरा’त अत्याचार झालेली मुलगी पुरुषाच्या वेशात फिरते आणि बाईच्या वेशात नाचणारा पुरुष तिला समजून घेतो. ‘अनाहत’मध्ये (२००३) नियोगासाठी, म्हणजे वारस व्हावा म्हणून परपुरुषाकडे, पाठवलेल्या राणीला स्वतःच्या इच्छेचा शोध लागतो. ‘पहेली’त (२००५) तर शाहरुख खान होता म्हणून लोक गेले, पण गोष्ट त्या नवरीने स्वतः घेतलेल्या निर्णयाची आहे. बाईच्या देहाविषयी बोलायचा हक्क तिचा, ही एकच गोष्ट हा माणूस पुन्हा पुन्हा सांगतो आहे. आणि ‘भूमिका’ (१९७७) आठवा. गोड नायक म्हणून नाव झालेले असताना, बायकोच्या कमाईवर जगणारा आणि तिलाच छळणारा केशव दळवी त्यांनी केला. तो चेहरा बघून मला अशा कितीतरी घरांचे उंबरे आठवले.

कर्व्यांवर चित्रपट काढून ते थांबलेही नाहीत. महाराष्ट्रात नाटक करायचे तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. या पूर्वपरीक्षणाविरुद्ध ते २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले, वयाच्या बाहत्तरीत. २०१९ मध्ये मुंबईत प्रभाकर बरवे यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनात बोलताना त्यांना मध्येच अडवले गेले, तेव्हा आवाज न चढवता त्यांनी आपले म्हणणे मांडले. जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेला माणूस चित्रकारांच्या बाजूने बोलत होता, यात अडवण्यासारखे काय होते, हे मला अजून समजलेले नाही.

संपादक महोदय, माझी विनंती मोठी नाही. पालेकरांवर आणखी एक लेख छापा आणि तो ‘आक्रीत’पासून सुरू करा. त्यात ‘ध्यासपर्व’ आज कुठे पाहायला मिळेल, तेही चौकटीत द्या. आमच्या तालुक्यातल्या दोन आशाताई मला कधीपासून विचारत आहेत आणि मला त्यांना सांगता येत नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
माण तालुका, जि. सातारा