‘सकाळ’ची ‘सकार’ नेमकी कुठे होते?

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याचं पत्र वाचलं. भाषाशास्त्र हौस म्हणून शिकायचं आहे, कुठला क्लास लावू, असं त्यानं विचारलं होतं. त्याच पानावर खाली एक चौकट होती: नागपूरकरांच्या बोलण्यातल्या चुका. ‘मले’, ‘काऊन’, ‘करून राहिला’, ‘येजो’. पोराला लागणारं पहिलं पुस्तक त्याच पानावर छापलं होतं, फक्त मथळा चुकला होता.

मी प्राध्यापक वगैरे नाही. एसटीत बत्तीस वर्षं वाहक होतो, म्हणजे आपल्या भाषेत कंडक्टर. निवृत्त झाल्यावर मलाही हाच किडा चावला. तेव्हा सीताबर्डीला जुन्या पुस्तकवाल्याकडून दीडशे रुपयांत एक जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक आणलं. अकराव्या पानावर जो अडकलो तो अडकलोच. सध्या त्यावर चष्म्याचं घर ठेवतो. त्या मुलानं निदान हे तरी करू नये.

माझी खरी सुरुवात आधीच झाली होती, मला पत्ता नव्हता. मुक्कामी गाडीवर रात्री वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळलं, पैसे मोजून झाले की करायला काही नसायचं. दिवसभर कानावर पडलेले मजेदार शब्द मी डायरीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचो. खरं सांगतो, आगारात दोस्तांना हसवायला लिहायचो. लहानपणी शाळेत ‘मले’ म्हटलं म्हणून गुरुजींनी तळहातावर छडी दिली होती, तेव्हापासून मीही त्याच बाजूचा झालो होतो.

घरी बसल्यावर त्या डायऱ्या काढल्या आणि वेळ जात नाही म्हणून वहीत रकाने पाडले. एक रकाना अमरावती लाईनचा: कोंढाळी, तळेगाव, तिवसा. दुसरा गडचिरोली लाईनचा: उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी. पहिल्या रकान्यात डोळ्याचा ‘डोया’, सकाळची ‘सकाय’. दुसऱ्यात ‘डोरा’, ‘सकार’, जवळचं ‘जवर’. आणि आमच्या नागपुरात तर कित्येकांची शाळा ‘शाडा’ असते. म्हणजे एकट्या ‘ळ’ला पश्चिमेकडे ‘य’, पूर्वेकडे ‘र’ आणि मध्ये ‘ड’. चूक असती तर कधी झाली असती, कधी नसती. इथे तर ‘र’ म्हणणाऱ्याच्या तोंडी जिथे ‘ळ’ तिथे ‘र’, पाळी चुकत नाही. आणखी एक गंमत डायरीत निघाली. एक बाई रोज ‘जवर’ म्हणायची, पण तपासणीचे साहेब गाडीत चढले की तिच्याच तोंडून ‘जवळ’ निघायचं. तिला दोन्ही येत होतं. कोणासमोर काय बोलायचं, हेही तिला येत होतं. मला मात्र तिकिटाच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

पुढे वाचनात आलं की फ्रान्समध्ये एका किराणा दुकानदारानं हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं होतं. एडमों एडमों त्याचं नाव. गंमत म्हणजे नाव आणि आडनाव कानाला जवळजवळ सारखंच. कान तिखट म्हणून झ्यूल झिलिएरों या भाषाशास्त्रज्ञानं त्याला निवडलं. १८९७ ते १९०१ या काळात तो प्रश्नांची यादी घेऊन फ्रान्सभर हिंडला, पुष्कळदा सायकलवर. ६३९ गावांतलं बोलणं त्यानं उतरवून घेतलं आणि त्यावरून बोलींचे नकाशे छापले गेले. आपल्याकडे ब्रिटिश अमलात काम केलेले जॉर्ज ग्रियर्सनही पेशानं सरकारी अधिकारी. त्यांनी १८९४ मध्ये भारतीय भाषांची पाहणी हाती घेतली. मराठीचा सातवा खंड १९०५ चा आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतो. बोलीबोलीत एकच गोष्ट सांगून घ्यायची, ही त्यांची युक्ती: बायबलातली, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची. त्यातला नागपूरकडचा नमुना मी सौभाग्यवतींना वाचून दाखवला. भाजी निवडता निवडता म्हणाली, “हे तं आमची आत्याच बोलून राहिली.”

आता त्या मुलासाठी. बाबा, आधी तोंडापासून सुरू कर. ‘चार’ म्हण, मग गुरांचा ‘चारा’ म्हण. अक्षर एकच, पण जीभ दोन वेगळ्या जागी लागते. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून पाहा, तिथेही तेच. पन्नास वर्षं मराठी बोलूनही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथून मला कळलं की कागदावरचं अक्षर वेगळं आणि तोंडातला आवाज वेगळा. मग क, च, ट, त, प सावकाश म्हण. कंठापासून ओठांपर्यंत एकेक थांबा घेत गाडी पुढे सरकते. ज्यांनी ही वर्णमाला लावली त्यांना प्रत्येक आवाजाचा थांबा ठाऊक होता. आपण ती पहिलीत पाठ करतो आणि विसरतो.

दुसरं, एक वही घे आणि कोणाला दुरुस्त करू नकोस. हे फार जड जातं. नातू ‘येजो’ म्हणाला की माझी जीभ अजून वळवळते. पण गप्प बसलो म्हणूनच ‘येजो’ हाती लागला. सौभाग्यवतींना विचारलं, ‘ये’ आणि ‘येजो’ यांत फरक काय? म्हणाली, काही नाही. मग मीच म्हटलं, “आत्ता येजो.” तशी हसायला लागली: “आत्ता येजो कोनी म्हनते का? आत्ता असन तं ये. उद्या, परवा, संध्याकाळी असन तं येजो. काऊन विचारून राहिले तुम्ही?” म्हणजे आत्ताच्या हुकमाला एक रूप, पुढच्या हुकमाला दुसरं. प्रमाण मराठीत दोन्हीला ‘ये’च. जो भेद आपल्या बोलीत जास्तीचा आहे, तो चौकटीत चूक म्हणून छापला गेला. ‘आत्ता येजो’सारखं कोणी म्हणत नाही असं वाक्य सापडलं की मी त्याच्यापुढे फुली मारतो. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत अशाच वाक्यापुढे चांदणी (*) छापतात, हे नंतर कळलं. जे म्हणतात ते ऐकून मिळतं. जे म्हणत नाहीत ते विचारल्याशिवाय मिळत नाही. मात्र फोनवर कोणाचं बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी परवानगी घे.

एका खड्ड्यात मी पडलो, तो सांगतो. आपल्या ‘बदनाम’मधला ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ एकच, असा शोध लावून मी महिनाभर मिरवत होतो. ‘बद’ फारसीतून आला आहे. त्याचं आणि ‘बॅड’चं नातं नाही, निव्वळ योगायोग. एक शब्द जुळला म्हणजे काही सिद्ध होत नाही, रांग जुळायला हवी. संस्कृत पितृ, पाद, त्रि घे आणि इंग्रजी फादर, फूट, थ्री घे: ‘प’च्या जागी ‘फ’, ‘त’च्या जागी ‘थ’. हा हिशेब याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडला, परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरल्यानं. तो वाचताना मला माझे ‘ळ’चे रकाने आठवले.

आणि या कामाला विदर्भासारखी जागा नाही. गडचिरोलीच्या गाडीत गोंड बाया चिल्लर मोजायच्या: मूंड, नालुंग. तीन, चार. सिरोंचाकडचे तेलुगू लोक मूडु, नालुगु म्हणतात. कारण गोंडी द्रविड घराण्यातली, घराशेजारच्या मराठीपेक्षा लांबच्या तेलुगूशी तिचं रक्त जवळचं. मेळघाटातली कोरकू मुंडा नावाच्या भाषाशाखेची, झारखंडकडच्या संथाळीची बहीण. कंबोडियाच्या ख्मेरशी दूरचं नातं. आणि बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडे निहाली बोलतात, तिचं तर कोणत्याच घराण्याशी नातं सिद्ध झालेलं नाही. परतवाडा-धारणी गाडीवर मी दोन वर्षं होतो. डायरीत एक कोरकू शब्द नाही. कळत नाही म्हणून लिहिलं नाही. त्याची रुखरुख आहे.

कोड्यांची आवड असेल तर शाळकरी मुलांसाठी आंतरराष्ट्रीय भाषाशास्त्र ऑलिम्पियाड असतं. २००३ मध्ये बल्गेरियात सुरू झालं, २०१६ मध्ये म्हैसूरला भरलं होतं. अनोळखी भाषेतली दहा वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, नियम आपण शोधायचा. जुने प्रश्न इंटरनेटवर फुकट आहेत. मी एक सोडवायला चार दिवस लावले आणि तरी चुकलो. जाड पुस्तक त्यानंतर उघडावं, तेव्हा ते बोलू लागतं. माझंही आता चाळिसाव्या पानापर्यंत आलं आहे.

संपादक महोदय, ती चौकट पुन्हा छापणार असाल तर मथळा तेवढा बदला. आणि वाचकांकडे माझं एक काम आहे. माझ्या वहीप्रमाणे उमरेडला ‘सकार’ क्वचित ऐकू येते, नागभीडला सर्रास. मधल्या पट्ट्यातली पानं पावसात भिजली. भिवापूर आणि आसपासच्या गावांतल्या लोकांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, काही न शिकवता, ‘पहाटेनंतर काय होते’ एवढं विचारावं आणि जे उत्तर येईल ते गावाच्या नावासह तुमच्याकडे पाठवावं.

आपला,
एक निवृत्त वाहक,
मानेवाडा, नागपूर